भूमिका-खेळांतील अंतराळयान-शस्त्रांचे नियम

भूमिका-खेळांतील अंतराळयान-शस्त्रांचे नियम म्हणजे टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांत (टेबलटॉप रोलप्लेइंग गेम) अंतराळयानांवरील लेसर, तोफा, क्षेपणास्त्रे आणि त्यांपासून बचाव करणारी साधने यांचे संख्या, फासे व तक्ते यांच्या साहाय्याने केलेले प्रतिमान होय. अशा खेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि खेळसंचालक (गेम मास्टर) उरलेले जग चालवतो. यानांची लढाई झाल्यास कोणते शस्त्र किती अंतरावर लागू पडते, नेम लागण्याची शक्यता किती, लागल्यावर यानाचे काय होते आणि त्या वेळी प्रत्येक पात्राला काय करता येते, हे नियमांना ठरवावे लागते.

या नियमांपुढे तीन मागण्या एकाच वेळी असतात : भौतिकशास्त्राशी सुसंगती, तासा-दोन तासांत लढाई संपेल इतकी सुटसुटीतता, आणि टेबलावरील प्रत्येकाला अर्थपूर्ण निर्णय घेण्याची संधी. तिन्ही पूर्णपणे साधत नाहीत. त्यामुळे कोणतीही नियमावली काय मोजते यापेक्षा काय मोजायचे सोडून देते, यावरून तिचे स्वरूप ठरते.

पूर्वपीठिका

लढाईचे फाशांनी प्रतिमान करण्याची परंपरा प्रशियातील 'क्रीग्सश्पील' या लष्करी खेळापासून सांगितली जाते. गेऑर्ग फॉन राइसव्हिट्झ या अधिकाऱ्याने त्याचे नियम १८२४ मध्ये प्रसिद्ध केले. गोळीबाराचा परिणाम निश्चित नसतो, म्हणून तो फासे टाकून व तक्ता पाहून ठरवावा, ही कल्पना या खेळाने रुजवली.

अंतराळयानांच्या नियमांना अधिक जवळची परंपरा आरमारी खेळांची आहे. ब्रिटनमध्ये फ्रेड टी. जेन यांनी १८९८ मध्ये आपला आरमारी युद्धखेळ प्रसिद्ध केला. अमेरिकी लेखक फ्लेचर प्रॅट यांच्या आरमारी खेळाचे नियम १९४० मध्ये पुस्तकरूपाने आले. प्रॅट यांच्या पद्धतीत प्रत्येक जहाजाची तोफा, चिलखत, वजन व वेग यांवरून सूत्राने एक किंमत काढली जाई आणि लागलेल्या प्रत्येक गोळ्यागणिक तीतून गुण वजा होत. गुण संपत जातील तसा जहाजाचा वेग व मारा घटत असे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या पहिल्या व्यावसायिक भूमिका-खेळाचे एक रचनाकार डेव्ह अर्नेसन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, पात्रांची जखम सोसण्याची क्षमता मोजणारे 'हिट पॉइंट' आणि चिलखताचा दर्जा या दोन्ही कल्पना त्यांनी अमेरिकी यादवी युद्धातील लोखंडी जहाजांच्या खेळावरून घेतल्या होत्या. म्हणजे भूमिका-खेळातील माणसाचे शरीर मोजण्याची रीतच मुळात जहाज मोजण्याची होती. पुढे अंतराळयानांसाठी नियम लिहिले गेले, तेव्हा ही रीत आपल्या मूळ जागी परत आली.

रिकाम्या पटाचा प्रश्न

जमिनीवरील लढाईच्या खेळात निम्मे निर्णय भूभाग घडवतो. पुणे जिल्ह्याच्या भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतील मुलूख याचे ठळक उदाहरण आहे. गुंजण मावळ, कानद खोरे, हिरडस मावळ व रोहिड खोरे या जुन्या विभागांत डोंगरधारा, खिंडी, नद्यांची खोरी आणि घाटवाटा यांची दाटी आहे. राजगड तालुक्यातील राजगड व तोरणा हे गड एकमेकांसमोर उभे असून डोंगराच्या धारेने जोडलेले आहेत. राजगडाला पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या आणि मध्ये उंच बालेकिल्ला आहे. तोरण्याला झुंजार व बुधला या माच्या आहेत. या मुलखाचा नकाशा पटावर मांडला, तर शस्त्रांचे नियम अगदी साधे ठेवूनही खेळाडूपुढे प्रश्न उभे राहतात : धारेवरून जावे की खोऱ्यातून, कोणत्या माचीवर किती माणसे ठेवावीत, तोफेचा मारा जेथे पोहोचत नाही अशी जागा कोठे आहे.

अंतराळाचा पट मात्र मोकळा असतो. आडोसा, चढ, खिंड किंवा क्षितिज यांपैकी काहीही नसते. ग्रहाची आड किंवा लघुग्रहांचे कडे हे अपवाद होत. आणि खऱ्या लघुग्रहपट्ट्यातही दोन खडकांतील अंतर इतके प्रचंड असते की त्यांचा आडोसा म्हणून उपयोग होत नाही. दोन याने समोरासमोर आली आणि दोन्ही बाजूंनी केवळ फासे टाकले, तर खेळाडूला ठरवण्यासारखे काही उरत नाही. म्हणून जे काम गडकोटांच्या खेळात डोंगर करतो, ते काम येथे शस्त्रांचा पल्ला, यानाचा वेग, ऊर्जेची वाटणी, उष्णता आणि खलाशांच्या जबाबदाऱ्या यांना करावे लागते. या क्षेत्रातील बहुतेक नियमावल्यांकडे याच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे म्हणून पाहता येते.

प्रतिमानाचे घटक

अंतर, वेळ आणि चुकवणे

निर्वातात गोळ्याला हवेचा विरोध नसतो; तो सुटल्यावर वेग न गमावता पुढे जात राहतो. त्यामुळे 'गोळा किती दूर जातो' हा प्रश्न निरर्थक ठरतो. गोळा पोहोचेपर्यंत लक्ष्य किती बाजूला सरकू शकते, हा खरा प्रश्न असतो. अखंड त्वरणाने सरकलेले अंतर त्वरणाच्या निम्म्याला वेळेच्या वर्गाने गुणून मिळते. यानाचे त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वीय त्वरणाइतके (सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद) आणि दिशा न बदलणाऱ्या गोळ्याचा वेग सेकंदाला १० किलोमीटर मानल्यास, परिचित अंतरांवर पुढील चित्र दिसते :

राजगड ते तोरणा (हवाई अंतर सुमारे ७ किमी) : प्रवासाला ०.७ सेकंद, यान जेमतेम २.४ मीटर सरकते.

भोर ते मुंबई (सुमारे १४० किमी) : १४ सेकंद, यान सुमारे ९६० मीटर सरकते.

पुणे ते दिल्ली (सुमारे १,२०० किमी) : १२० सेकंद, यान सुमारे ७० किमी सरकते.

पहिल्या अंतरावर काही दहा मीटर लांबीच्या यानाला गोळा चुकवणे अशक्य आहे, तर तिसऱ्या अंतरावर नेम लावण्याला अर्थच राहत नाही. मधल्या पट्ट्यातच फाशाला वाव असतो. नियमावल्यांतील 'जवळचा', 'मध्यम' व 'लांबचा' पल्ला हे विभाग आणि त्यांनुसार नेमात होणारी वजावट यांमागील भौतिक आधार हा आहे. क्षेपणास्त्र वाटेत दिशा बदलू शकते. म्हणून त्याचा पल्ला वेगाऐवजी इंधनावरून ठरतो आणि त्याचा पाठलाग अनेक फेऱ्या चालतो.

लेसर प्रकाशाच्या वेगाने जातो. तरीही एक प्रकाश-सेकंद (सुमारे ३ लाख किमी) अंतरावरील लक्ष्य एक सेकंदापूर्वीच्या जागी दिसते आणि किरण तेथे पोहोचायला आणखी एक सेकंद लागतो. या दोन सेकंदांत वरील यान सुमारे २० मीटर सरकू शकते. पृथ्वीपासून चंद्राचे सरासरी अंतर १.२८ प्रकाश-सेकंद आहे, यावरून या पल्ल्याची कल्पना येते.

शस्त्राची तीव्रता

लेसरची अडचण नेमापेक्षा किरण पसरण्याची असते. विवर्तनामुळे अंतराच्या प्रमाणात किरणाचा ठिपका मोठा होत जातो. एक मीटर व्यासाचा आरसा आणि एक मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश घेतल्यास ठिपक्याचा व्यास ७ किमीवर सुमारे १.७ सेंटिमीटर, १,००० किमीवर सुमारे २.४ मीटर आणि एका प्रकाश-सेकंदावर ७०० मीटरांहून अधिक होतो. अंतर दुप्पट झाले की दर चौरस मीटरला मिळणारी ऊर्जा चौथाईवर येते. म्हणून काटेकोर नियमांत लेसरचा नेम दूरवरही टिकतो, पण त्याने होणारे नुकसान अंतरागणिक झपाट्याने उतरते. गोळ्याच्या बाबतीत याच्या उलट घडते. ही दोन शस्त्रे वेगळी 'वाटण्यासाठी' एवढा एक फरक नियमात आणला तरी पुरतो.

गोळ्याची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. सेकंदाला ३ किमी वेगाच्या एक किलोग्रॅम वस्तुमानात ४५ लाख जूल ऊर्जा असते. एक किलोग्रॅम टीएनटीच्या स्फोटातून सुमारे ४२ लाख जूल ऊर्जा मिळते. यापुढील वेगांना गोळ्यात दारू भरण्याने फारसा फरक पडत नाही. शिवाय हा वेग दोन यानांमधील सापेक्ष वेग असतो. वेगाने समोरून येणाऱ्या यानाच्या वाटेत सोडलेले खडेही शस्त्र ठरतात. यानाचा वेग न नोंदवणाऱ्या नियमांत ही शक्यता आपोआप नाहीशी होते.

फासे

नेम लागण्याची शक्यता बहुधा एक वीस-बाजूंचा फासा किंवा दोन सहा-बाजूंचे फासे यांनी ठरते. वीस-बाजूंच्या फाशावर प्रत्येक गुणाची किंमत ५ टक्के असते. दोन फाशांच्या बेरजेत तसे नसते. ८ किंवा अधिक पडण्याची शक्यता ३६ पैकी १५, म्हणजे ४१.७ टक्के असते. एका गुणाच्या सवलतीने ती ५८.३ टक्के होते. १२ पडण्याची शक्यता २.८ टक्के असून तेवढ्याच सवलतीने ती ८.३ टक्के होते. पहिल्या ठिकाणी भर मोठी आहे, तर दुसऱ्या ठिकाणी शक्यता तिप्पट होते. त्यामुळे 'संगणकाची एक पातळी' किंवा 'तोफचीचे एक कौशल्य' यांची खरी किंमत परिस्थितीनुसार बदलते.

शस्त्रांची संख्याही असाच परिणाम करते. ८ किंवा अधिक हवे असताना तीन स्वतंत्र लेसर डागल्यास किमान एक लागण्याची शक्यता ८० टक्क्यांवर जाते. ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या वर्ग-नियमानुसार, सर्वांना सर्वांवर मारा करता येत असेल तेव्हा ताफ्याचे बळ यानांच्या संख्येच्या वर्गाने वाढते. आडोसा नसलेला अंतराळाचा पट या गृहीतकाला विशेष जवळचा आहे.

नुकसान

नुकसान मोजण्याच्या तीन प्रमुख रीती आढळतात. पहिलीत यानाला गुणांचा साठा असतो आणि तो शून्य झाला की यान निकामी होते; ही रीत जलद आहे, पण शेवटच्या गुणापर्यंत यान पूर्ण क्षमतेने लढते. दुसरीत प्रत्येक माऱ्याची जागा तक्त्यावरून ठरते : इंजिन, इंधनाची टाकी, संगणक, तोफ, मालकोठी. तिसरी या दोहोंचे मिश्रण असते. जागेनुसार नुकसान मोजल्याने वर्णन जिवंत होते आणि दुरुस्ती करणाऱ्या पात्राला काम मिळते. मात्र पहिला मार बसलेली बाजू दुबळी होत जाऊन लढाईचा निकाल लवकरच उघड होतो आणि उरलेल्या फेऱ्या औपचारिकता ठरतात.

यानावरील शस्त्र माणसावर रोखले गेल्यास काय होते, हा वेगळा प्रश्न आहे. वेस्ट एंड गेम्सच्या 'स्टार वॉर्स' खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९९२) माणूस, वाहन, लढाऊ यान व युद्धनौका यांच्यासाठी वेगवेगळी प्रमाणे ठरवून त्यांच्यातील फरकानुसार फाशांचा निकाल बदलण्याची योजना होती. इतर काही नियमावल्या सरळ मोठ्या गुणकाचा वापर करतात.

उष्णता

निर्वातात उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग प्रारण हाच असतो. ३० टक्के कार्यक्षमतेचा १०० मेगावॅट लेसर सतत चालवल्यास सुमारे २३३ मेगावॅट उष्णता उरते. १,००० केल्विन तापमानाचा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ५७ किलोवॅट उष्णता प्रारित करतो. म्हणजे सुमारे ४,१०० चौरस मीटर, साधारण एक एकर, क्षेत्राचा तवा लागतो. हा तवा मोठा, नाजूक आणि शत्रूला सहज दिसणारा असतो. उष्णतेचा हिशेब ठेवणाऱ्या नियमांत 'आत्ता मारा करावा की यान थंड होऊ द्यावे' हा निर्णय निर्माण होतो. रिकाम्या पटाच्या प्रश्नाचे ते एक चांगले उत्तर आहे. पण प्रत्येक फेरीत आणखी एक आकडा लिहावा लागणे ही त्याची किंमत होय.

प्रमुख नियमावल्या

गेम डिझायनर्स वर्कशॉप या अमेरिकी संस्थेचा 'ट्रायप्लॅनेटरी' (१९७३) हा पटखेळ यानाचा वेग सदिशाने नोंदवणाऱ्या आरंभीच्या खेळांपैकी आहे. याच संस्थेने मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' हा भूमिका-खेळ १९७७ मध्ये प्रकाशित केला. त्यातील यानाला दर शंभर टनांमागे शस्त्रासाठी एक जागा मिळते आणि एका बुरुजात तीनपर्यंत शस्त्रे बसतात. शस्त्रे मोजकी आहेत : बीम लेसर, पल्स लेसर, क्षेपणास्त्र आणि लेसरचा किरण विखुरणाऱ्या वाळूसदृश कणांचा ढग सोडणारा 'सँडकास्टर'. दोन फाशांवर ८ किंवा अधिक पडल्यास नेम लागतो. नेम सुधारण्यासाठी संगणकात योग्य प्रोग्रॅम भरावे लागतात आणि संगणकाची जागा मर्यादित असल्याने कोणता प्रोग्रॅम काढून कोणता ठेवावा, हा निर्णय खेळाडूकडे येतो.

त्याच विश्वावरील 'मेडे' (१९७८) या पटखेळात एक षटकोन म्हणजे एक प्रकाश-सेकंद आणि एक फेरी म्हणजे १०० मिनिटे असे प्रमाण आहे. पृथ्वीइतक्या त्वरणाने १०० मिनिटांत यानाचा वेग असा वाढतो की पुढील फेरीत ते सुमारे एक षटकोन अधिक कापते. एकके अशी निवडल्यामुळे भौतिकशास्त्राचा गुणाकार बेरजेवर येतो आणि खेळाडूला सूत्र माहीत असण्याची गरज उरत नाही.

'हाय गार्ड' (१९७९, सुधारित १९८०) या पूरक पुस्तकाने मोठ्या युद्धनौकांसाठी नकाशाच काढून टाकला. ताफ्याची आघाडी व राखीव फळी, लांबचा व जवळचा पल्ला एवढीच रचना ठेवून तपशील शस्त्रांच्या जुळणीत नेला. 'ट्रॅव्हलर'च्याच १९९३ च्या आवृत्तीसाठी निघालेले 'फायर, फ्यूजन अँड स्टील' (१९९४) दुसऱ्या टोकाचे आहे : त्यात शस्त्रांची मापे सूत्रांनी काढायची असतात. मंगूस पब्लिशिंगच्या २००८ पासूनच्या आवृत्त्यांत सहा मिनिटांची फेरी आणि अंतराचे ठरावीक पट्टे आहेत.

'स्टार फ्लीट बॅटल्स' (१९७९) या स्टीफन व्ही. कोल यांच्या पटखेळात प्रत्येक फेरीच्या आरंभी यानाची ऊर्जा गती, शस्त्रे व संरक्षक कवच यांत वाटावी लागते. टीएसआर संस्थेच्या 'स्टार फ्रंटियर्स : नाइट हॉक्स'मध्ये (१९८३) प्रत्येक शस्त्राला विशिष्ट बचाव आहे, लेसरसाठी परावर्तक पृष्ठभाग, रॉकेटसाठी प्रतिक्षेपणास्त्र. शत्रूजवळ काय आहे याचा अंदाज घेऊन आधीच तयारी करणे हा त्यातील मुख्य निर्णय होतो.

अॅड अॅस्ट्रा गेम्सचा 'अॅटॅक व्हेक्टर : टॅक्टिकल' (२००४) त्रिमितीय सदिश गती व उष्णता यांचा हिशेब टेबलावर करून दाखवतो. डेव्हिड पुल्व्हर यांच्या 'गर्प्स स्पेसशिप्स'मध्ये (२००७) कोणतेही यान वीस भागांत विभागले जाते : पुढे, मध्ये व मागे प्रत्येकी सहा आणि गाभ्यात दोन. शस्त्र, इंजिन किंवा चिलखत यांपैकी एक बसवले की दुसऱ्याची जागा जाते. 'डायस्पोरा' (२००९) या खेळात अंतराळाचा पट एका रेषेवर आणला आहे; दिशा वगळून केवळ जवळ-दूर एवढेच उरते.

युरिस्को आणि नियमांतील पळवाट

प्रतिमानाची कसोटी कशी लागते, याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण १९८१ मधील आहे. 'हाय गार्ड'च्या नियमांवर आधारित 'ट्रिलियन क्रेडिट स्क्वॉड्रन' या स्पर्धेत प्रत्येक स्पर्धकाने एक लाख कोटी काल्पनिक नाण्यांत ताफा उभारायचा होता. संगणकशास्त्रज्ञ डग्लस लेनाट यांनी 'युरिस्को' या आपल्या प्रोग्रॅमला नियम पुरवून त्याच्याकडून ताफा सुचवून घेतला. इतर स्पर्धकांनी वेगवान व संतुलित याने आणली होती. युरिस्कोचा ताफा ९६ यानांचा होता. बहुतेक याने मंद, जड चिलखताची आणि अनेक लहान शस्त्रांनी भरलेली होती. लेनाट जिंकले.

पुढील वर्षी नियम बदलले आणि ताफ्याच्या चपळतेला महत्त्व देण्यात आले. युरिस्कोने या वेळी अशी युक्ती शोधली की मार लागून मंदावलेली आपलीच याने नष्ट करावीत, म्हणजे उरलेल्या ताफ्याची चपळता टिकते. लेनाट पुन्हा जिंकले. ते पुन्हा उतरले तर स्पर्धाच बंद करू, असे संयोजकांनी सांगितल्यावर त्यांनी माघार घेतली.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. नियमांनी जे मोजले नव्हते, म्हणजे मंद यानांतील खलाशांचे जीव किंवा स्वतःची याने बुडवणाऱ्या सेनापतीची पुढील पत, ते प्रोग्रॅमच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. शिवाय, ताफ्याच्या खेळात जी युक्ती यशस्वी ठरते ती भूमिका-खेळात चालत नाही. कारण तेथे त्या ९६ पैकी एका यानात खेळाडूंची पात्रे बसलेली असतात.

एक यान, अनेक खेळाडू

पटखेळात एका खेळाडूकडे अनेक याने असतात. भूमिका-खेळात एका यानात अनेक खेळाडू असतात. याचे दोन परिणाम होतात.

पहिला परिणाम सहभागाचा. सुकाणू एकाच्या हाती आणि तोफ दुसऱ्याच्या हाती असेल, तर वैद्य किंवा व्यापारी झालेल्या खेळाडूने तासभर नुसते पाहत बसायचे काय, असा प्रश्न येतो. एफएएसए संस्थेच्या 'स्टार ट्रेक' खेळाने (१९८२) खेळाडूंना यानावरील वेगवेगळ्या आसनांची जबाबदारी व त्यासाठी स्वतंत्र फलक देऊन यावर उपाय शोधला. पायझो संस्थेच्या 'स्टारफाइंडर'मध्ये (२०१७) कप्तान, अभियंता, तोफची, सुकाणूधारी व विज्ञान अधिकारी अशा भूमिका असून फेरीची अभियांत्रिकी, सुकाणू व मारा अशा टप्प्यांत विभागणी आहे. भूमिका वाटल्या तरी एखादे पात्र प्रत्येक फेरीत तोच एक फासा टाकत राहिले, तर सहभाग नावापुरताच राहतो, अशी टीका या पद्धतीवर होते.

दुसरा परिणाम नशिबाचा. गुहेतील लढाईत एक पात्र पडले तर इतर त्याला उचलून नेऊ शकतात. यान फुटले तर सर्व पात्रे एकाच फाशाने मरतात आणि कित्येक महिन्यांची कथा तेथेच संपते. यावर नियमावल्यांनी निरनिराळे तोडगे काढले आहेत : यान पूर्ण नष्ट होण्यापूर्वी ते निकामी होते; सुटकेच्या नौका असतात; शरणागती व खंडणी यांना नियमांत जागा असते. केव्हिन क्रॉफर्ड यांच्या 'स्टार्स विदाउट नंबर'च्या सुधारित आवृत्तीत (२०१७) मार लागल्यावर नुकसान सोसण्याऐवजी एखादे 'संकट' पत्करता येते. आग, गळती किंवा जखमी खलाशी यांसारख्या त्या संकटाशी मग एखाद्या पात्राला झुंजावे लागते. शस्त्राचा परिणाम अशा रीतीने आकड्यातून कामात रूपांतरित होतो आणि रिकामा बसलेला खेळाडूही लढाईत येतो.

चढाई

अनेक नियमावल्यांत शस्त्रांचा उद्देश शत्रूचे यान नष्ट करणे हा नसून ते थांबवून आत शिरणे हा असतो. यानाची व त्यातील मालाची किंमत हे त्याचे कथेतील कारण. पात्रांची वैयक्तिक कौशल्ये पुन्हा उपयोगात येतात, हे त्याचे नियमांतील कारण.

गडांच्या इतिहासात याला समांतर प्रसंग आहेत. औरंगजेबाच्या सैन्याने मार्च १७०४ मध्ये तोरणा घेतला, तो तोफांनी तट पाडून नव्हे, तर रात्री दोराच्या शिडीने मोजकी माणसे वर चढवून. औरंगजेबाने गडाचे नाव फुतूहुल्गैब असे ठेवले. केवळ तोफांचे गुण व तटाचे गुण मोजणाऱ्या प्रतिमानात हा निकाल कधीच निघाला नसता. शिडी, अंधार आणि चढणारी माणसे यांना नियमात स्थान असेल, तरच तो शक्य होतो. अंतराळयानांच्या नियमांतही इंजिन, कुलूपबंद दार व हवेचा दाब यांना स्थान दिल्याशिवाय चढाई हा पर्याय खेळाडूला उपलब्ध होत नाही.

मर्यादा व टीका

काटेकोर भौतिकशास्त्रावर आधारलेल्या नियमांवर मुख्य आक्षेप वेळेचा आहे. सदिश गती व उष्णता यांचा हिशेब करताना एक लढाई संपूर्ण बैठक व्यापू शकते, आणि ज्यांना गणिताची आवड नाही असे खेळाडू बाजूला पडतात. उलट, पूर्णपणे कथनावर सोडलेल्या नियमांत लेसर, गोळा व क्षेपणास्त्र यांत नावापलीकडे फरक राहत नाही, आणि यानावर कोणते शस्त्र बसवावे या निर्णयाला अर्थ उरत नाही.

या दोहोंच्या दरम्यान व्यवहारात टिकलेली रीत अशी : काही मोजकी भौतिक तथ्ये निवडावीत, त्यांचे सूत्र तक्त्यात किंवा एककांत आधीच मुरवून ठेवावे, आणि खेळाडूपुढे गणिताऐवजी निवड ठेवावी. 'ट्रॅव्हलर'मधील संगणकाची मर्यादित जागा, 'मेडे'तील एक प्रकाश-सेकंदाचा षटकोन, 'गर्प्स स्पेसशिप्स'मधील वीस भाग आणि 'स्टार्स विदाउट नंबर'मधील संकटे ही या रीतीची उदाहरणे आहेत. त्यांत शस्त्राचे वर्णन जितके आहे, तितकेच त्या शस्त्रापुढे उभ्या असलेल्या माणसाने काय सोडायचे याचेही आहे.